नाव घातलेली भांडी

साहेब, तुम्ही खोटं बोलता. तेव्हाही बोललात आणि परवा तुमच्या पंचाहत्तरीच्या सत्कारातही बोललात. अंगावर शाल, तोंडाशी माईक, आणि तुम्ही म्हणालात, "त्या वस्तीवर मी भांडी वाटली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं." टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. पाणी होतं, साहेब. पण ते कधी आलं आणि कशानं आलं हे तुम्हाला ठाऊक नाही. तोवर तुमची जीप धुरळा उडवत निघून गेली होती.

मी सांगते. माझ्याच लग्नातली गोष्ट आहे.

"अगं बाई, नवरीच आली की डेग निवडायला!" अप्पा गल्ल्यावरून ओरडले. "तुळशीराम, स्वयंपाकपण हिच्याच हातानं करून घेतोस का काय?"

बा ओशाळून हसला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहणारा माणूस, त्याला भांड्यातलं काय कळणार? म्हणून मायनं मला बरोबर धाडलं होतं. "डेगेचं बूड बघून घे, गेल्या वेळी वरण करपलं होतं," असं बजावून.

शिवलिंगप्पा हलकुडे म्हणजे अप्पा. कपाळावर विभूती, अंगात बंडी, आणि तालुक्याच्या भर चौकात मंडप आणि भांड्यांचं दुकान. गावात बारसं असो, लग्न असो, तेरावं असो, डेगा आणि पराती अप्पांच्याच. दुकानावर बोर्ड होता, 'हलकुडे मंडप व भांडी भांडार'. त्याच्या खाली दुसरी ओळ, नावाहून मोठ्या अक्षरात: 'माणूस एक, भांडी एक'.

बोर्डावर काय, कुणीही काहीही लिहितं. आमच्या गावात 'शुद्ध तुपाची जिलेबी' असा बोर्ड लावून डालड्यात तळणारा होता. पण अप्पांचं तसं नव्हतं. कुणाच्याही घरून भांडी परत आली, की अप्पा एकेक ठोकून बघायचे, टणटण. मग त्यातलाच एक तांब्या उचलायचे, दुकानातल्या रांजणात बुडवायचे, पायरीवर येऊन भर चौकात घटाघटा पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "जमा." मग भांडी रचायची. आमच्या वस्तीवरून आली तरी तसंच, वकिलाच्या माडीवरून आली तरी तसंच. बापाच्या वेळेपासून नाही, स्वतः धंदा हातात घेतल्यापासून ही रीत. त्यांच्या भावकीनं सुरुवातीला बोंब मारली, मग थकून गप्प बसली.

आणि तुम्ही, साहेब, तेव्हा तालुक्याचे सभापती, त्याच चौकात सव्वीस जानेवारीला काय म्हणाला होतात? "घटना वाचायची असेल तर अप्पांच्या दुकानात या." आठवतंय ना? मला आठवतंय, मी झेंड्याला आले होते.

तर मी परात हातात घेऊन बूड बघत होते, तेवढ्यात वकिलाचा धाकटा भाऊ आला. बाळासाहेब. पांढरा सदरा, तोंडात पान.

"अप्पा, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पुतणीचं लग्न काढलंय. मोठ्या डेगांसकट सगळी भांडी आमच्या नावावर टाका."

"टाकतो की. आदल्या दिवशी पुनवेला या यशोधराचं लग्न आहे. तिकडं जेवणं उरकली, की घासूनपुसून गाडी थेट तुमच्या दारात."

बाळासाहेब हसले. अप्पा चेष्टा करतायत असं वाटलं त्यांना. मग माझ्याकडं बघितलं, बाच्याकडं. बाच्या खांद्यावरच्या पोत्याच्या वळाकडं बघितलं. हसू गेलं.

"थेट?"

"थेट."

"म्हणजे मधे दुकानात येणार नाहीत?"

"कशाला? उतरवा, चढवा, उगीच बैलांना आणि माणसांना त्रास."

"अप्पा, असं कसं करता? आमच्याकडं पाव्हणे कुठून कुठून येणार."

"मग? जेवणारच ना त्यात? गेल्या साली तुमच्या आईच्या तेराव्याला जी डेग होती ना, ती तुळशीरामच्या पुतण्याच्या लग्नातलीच. तुमी चांगले दोनदा वरण मागून घेतलं होतं."

"ते वेगळं. मधे दिवस गेले होते."

अप्पांनी चष्मा काढला. खरंच कोडं पडल्यासारखं विचारलं, "मधल्या दिवसांत भांड्याचं काय होतं, बाळासाहेब?"

 पान थुंकायला बाळासाहेब पायरीवर गेले, परत आले. सगळ्या गावाला ठाऊक होतं हो, भांडी कुठं कुठं फिरतात ते. पण मधे चार दिवस दुकानात पडून राहिली, की डोळे मिटता येत होते. आता मधलं दुकानच निघालं, आणि आमचं घर त्यांच्या घराला चिकटलं.

मी तिथंच उभी. हातात परात. खाली ठेवावी तर हिनं लाजून ठेवली असं होईल, धरून ठेवावी तर बाळासाहेबांची नजर माझ्या बोटांवर. स्वतःच्या हातांची लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी काही केलं नव्हतं. नुसतं भांडं धरलं होतं.

"विचार करा, अप्पा. गावात धंदा करायचाय तुम्हाला."

"भाईर जाताना बोर्ड वाचून जावा," अप्पा म्हणाले. "तुमी शिकलेली माणसं."

ते गेले. अप्पा माझ्याकडं वळले. "बूड बघितलंस का? बघ नीट. नंतर तुझी माय मला शिव्या घालंल."

 वाटेत वस्ती दिसायला लागल्यावर बा म्हणाला, "यशे, तारीख पुढं ढकलायची का? आपल्यापायी त्या माणसाचा धंदा बसंल."

घरी मायनं ऐकलं आणि हातातली भाकरी तव्यावर आपटली. "का ढकलायची? लगीन आपल्या पोरीचं हाय का वकिलाच्या पोरीचं? अप्पा भ्याला का? न्हाई ना? मग तुमी कशाला भेताय?"

पण आम्ही भ्यालो होतो. आमच्यामुळं दुसऱ्याला खाली बघावं लागेल, ही भीती आम्हाला जन्मापासूनची.

आणि मग आठवड्याभरात अप्पा स्वतः मोंढ्यात आले. बाच्या पाठीवर थाप मारली. "तुळशीराम, मिटलं! बाळासाहेब आले होते. म्हणाले, आमचं नाव राहू द्या, भांडी तुमचीच न्यायची, कुठून येतात ते आम्ही विचारत नाही. मी म्हटलं, बाबा, आणखी काय पाहिजे? उभी हयात गेली रे ह्याच्यात. पण सुधारला माणूस."

अप्पांनी त्या दिवशी मोंढ्यातल्या हमालांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी बाळंतपणाला आलेल्या लेकीला पोचवायला सोलापूरकडं गेले. जाताना सांगून गेले, "पुनवेच्या आदल्या रात्रीपर्यंत येतो. यशोधराच्या लग्नाची गाडी मी स्वतः घेऊन येणार."

तुमची जीप त्यानंतर आली, साहेब.

काय थाट होता! पुढं जीप, मागं टेंपो. वस्तीवर इतकी वर्षं कुणी फिरकलं नव्हतं, मतं मागणारे सोडून. टेंपोतून भांडी उतरायला लागली. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, काळ्या डेगा नाही, स्टीलची पातेली, स्टीलच्या पराती, झारे, ताटं, तांबे. उन्हात बघवत नव्हतं. आणि प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं, मशीननं कोरून: 'बौद्ध वस्ती यांस सप्रेम भेट'. बायका बोटांनी अक्षरं चाचपत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या मला विचारत होत्या, "यशे, हितं काय? वस्ती लिवलंय का? आपलीच वस्ती ना?" नाव घातलेलं भांडं घरात असणं म्हणजे माणूस असल्याचा पुरावा. आमच्यातल्या कितीकांचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलेलं नव्हतं.

आमच्यातले जाणते म्हणजे भिवाजी काका. त्यांनी तुम्हाला हार घातला. तुम्ही बोललात. स्वाभिमान म्हणालात. "आता कुणाच्या दारात भांड्यांसाठी उभं राहायची गरज नाही. तुमची भांडी, तुमची पंगत." आम्ही टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत.

माय तेवढी पुढं झाली. तिच्याबरोबर चार बाया. "सायेब, भांडी चांगली हायेत. पर आमी हातपंप मागितला व्हता. तुमच्या हापिसात तीनदा आलो. नदीच्या झिऱ्यावरनं पाणी आणावं लागतंय."

तुम्ही हसून म्हणालात, "बाई, आधी भांडी तर येऊ द्या. भांडी नसतील तर पाणी कशात भराल?"

सगळे हसले. भिवाजी काका सगळ्यात मोठ्यानं. माय हसली नाही. जीप गेल्यावर ती मला म्हणाली, "पोरी, हापिसात आमी पाणी पाणी करून घसा कोरडा केला. भांड्याचं कुणी बोल्लं व्हतं गं?" मी म्हटलं, "सरकारला सुचलं असंल." माझं लग्न तोंडावर होतं. मला ती चकचकीत ताटं माझ्या पंगतीत मांडलेली दिसत होती.

आता प्रश्न राहिला अप्पांना सांगायचा. बा म्हणे भिवाजी काका सांगतील. भिवाजी काका म्हणत, "अरे, त्यात सांगायचं काय? त्याचाच ताप वाचला. उलट खूश होईल." अप्पा गावात नव्हते. दुकानातल्या गड्याला सांगावं, तर बाची जीभ रेटेना. ज्या माणसानं आपल्यासाठी वकिलाशी उभा दावा मांडला, त्याला 'तुमची भांडी नकोत' हा निरोप गड्याकडं कसा द्यायचा? आज सांगू, उद्या सांगू करता करता पुनव आली.

पांढरी साडी नेसून मी मंडपात बसले होते. वऱ्हाड उतरलं होतं. चुलींवर नव्या पातेल्यांत वरण रटरटत होतं, पोरं ताटांत तोंड बघत होती. तेवढ्यात घुंगरं वाजली.

बैलगाडी. गाडीत रचलेल्या काळ्या डेगा, वर पराती, त्यावर तांब्यांची पोती. आणि पुढं गाडीवानाशेजारी धुतलेला सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून अप्पा. बैलांच्या शिंगांना त्यांनी गोंडे बांधले होते. माझ्या लग्नासाठी.

"तुळशीराम! कुठं उतरवायची रे? उशीर झाला, रात्री उशिरा आलो गावाहून, बैलं पण..."

बोलता बोलता त्यांची नजर चुलींवरच्या नव्या पातेल्यांवर गेली.

वस्तीतलं एकही माणूस हललं नाही. बा चुलीपाशी उभा होता, तो तिथल्या तिथं बसला, जाळ सारत असल्यासारखा. जाळ चांगला लागलेला होता. वऱ्हाडातले विचारायला लागले, काय झालं, कोण हाय हे? 

शेवटी भिवाजी काका गेले. "या, या अप्पा. ते काय झालं, सरकारनं वस्तीला भांडी दिली. सायेबानं सोता आणून दिली. तुमास्नी निरोप द्यायचा राहिला बघा, लग्नाची घाई..."

"असं का?" अप्पा गाडीवरून उतरले. "चांगलं झालं की. बघू."

माय धावत गेली आणि तिनं त्यांना पाणी आणून दिलं. नव्या तांब्यात. ती काय करतेय ते तिलाही कळलं नसावं. पाव्हण्याला पाणी द्यायचं असतं, एवढंच तिच्या डोक्यात. अप्पांनी तांब्या हातात घेतला. सवयीनं बोटानं ठोकला. टणटण. "पत्रा जाड आहे," म्हणाले. मग तो उन्हाकडं फिरवून वर काय कोरलंय ते वाचलं. एकदा मनात. एकदा ओठ हलवून. मग वर धरून सगळं पाणी प्यायले, आणि 'जमा' म्हणायला तोंड उघडलं. म्हणाले नाहीत. तांब्या कुठं ठेवावा हे त्यांना समजेना. तो त्यांच्या रचणीतला नव्हता.

"भिवाजी," त्यांनी हळू विचारलं, "ही भांडी गावात कुणाला लागली तर देणार का?"

"देऊ की! का न्हाई?"

"नाही, देशील रे तू. मागायला कोण येईल?"

भिवाजी काका खांद्यावरचं उपरणं सारखं करायला लागले. 

अप्पा गाडीकडं बघत राहिले. स्वतःच्याच डेगांकडं, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या होत्या. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हणून आला होता तर बाळासाहेब. कुठून येतात ते विचारत नाही म्हणाला. कशाला विचारेल? त्याला ठाऊक होतं, कुठूनच येणार नाहीत. माझ्या दुकानातून निघतील, आणि त्याच्याकडं जातील. आणि मी खुळा, चहा वाटत फिरलो."

तेव्हा आम्हाला कळलं, साहेब. सगळ्या वस्तीला एकदम. आम्हाला वाटलं होतं, आम्हाला मिळालंय. ताटं घेऊन खेळणारी पोरं सोडून प्रत्येक माणसानं मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. बाळासाहेबांसमोर मला माझ्या हातांची लाज वाटली होती, ती कुणी लादलेली होती. अप्पांसमोर वाटली ती आमची होती.

मी मंडपातून उठले. नवरीनं उठायचं नसतं, चुलती ओरडली. मी गाडीपाशी गेले आणि वरची परात धरली. "अप्पा, एक तरी उतरवू द्या. भात ह्यात काढते. मग थेट न्या वकिलाकडं."

अप्पांनी माझा हात परातीवरून सोडवला. रागानं नाही. लेकीचा सोडवतात तसा. "नको, पोरी. तू रडत भात काढलेली परात मला त्यांच्या घरी धाडायची नाही. जा, बैस. मुहूर्त चुकंल."

"आमच्यात मुहूर्त नसतो, अप्पा."

"मग वेळ चुकंल. वेळ तर असते ना तुमच्यात?" ते हसले. आम्ही कुणी हसलो नाही. मायनं जेवून जायला विनवलं. "जेवतो की. जेवणाशी काय भांडण आहे माझं?" असं म्हणून ते पंगतीत बसले, नव्या ताटात जेवले, दोनदा वरण घेतलं, आणि भरलेली गाडी तशीच घेऊन गेले. घुंगरं लांबपर्यंत वाजत राहिली. ती सोडायला हवी होती कुणीतरी.

पुढचं मी पावसाळा सरल्यावर सासरहून माहेरी आले तेव्हा मायनं सांगितलं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वकिलाचे गडी भांडी न्यायला आले, तर अप्पांनी दुकानाला कुलूप लावून ठेवलेलं. बाळासाहेब तणतणत आले. अप्पा म्हणाले, "आधी वस्तीवर जेवणं, मग तुमच्याकडं, असं ठरलं होतं. वस्तीवरचं झालं नाही. म्हणून तुमचंही नाही." वकिलानं शेजारच्या तालुक्यातून भांडी आणवली. त्या पावसाळ्यात मांगवाड्याला भांडी मिळाली, नाव घालून. मग ढोरगल्लीला. मग वडारवाड्याला. प्रत्येक ठिकाणी तुमचं भाषण, साहेब, आणि प्रत्येक ठिकाणी हार. गावातलं एकही भांडं मग चुकूनसुद्धा दुसऱ्याच्या चुलीवर गेलं नाही.

मी दुकानावरून गेले. अप्पा शिडीवर चढले होते, हातात रंगाचा डबा. 'माणूस एक, भांडी एक' ही ओळ निळ्या रंगानं पुसत होते.

"अप्पा, हे काय करताय? राहू द्या की."

"कशाला?" ते वरूनच म्हणाले. "आता माझी भांडी एकाच बाजूला फिरतात. दुकानात जे नाही ते बोर्डावर ठेवायचं? मी काय डालड्याची जिलेबी विकतो?"

मला वाटलं, ते खाली बघतील. त्यांनी बघितलं नाही. 'माणूस' अगोदरच गेला होता, 'भांडी' चाललं होतं.

हातपंप, साहेब, माझी दोन लेकरं चालायला लागल्यावर आला. तो आमच्या बायकांनी तुमच्या हापिसासमोर घागरी फोडून आणला. पाणी आम्ही मागितलं होतं, त्याला वर्षं लागली. भांडी आम्ही मागितली नव्हती, ती माझ्या लग्नाच्या आत आली. पुनवेच्या आत. इतक्या घाईनं तुमच्या हापिसातून कधी काही निघालंय का?

परवा सत्कारात मी हात वर केला होता. सूत्रसंचालकानं 'वेळ नाही' म्हणून मला बसवलं. म्हणून इथं विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहीन. त्या आठवड्यात तुमच्या दाराशी कोण आलं होतं? आमच्या वस्तीसाठी भांडी कुणी मागितली होती? आमचं नाव तुम्ही प्रत्येक तांब्यावर कोरलंत. आता त्याचं नाव सांगा.